तुलनात्मक तक्ता

तीन कोटेशनं आलीत.
एक अकोल्याच्या त्याच दुकानातून
जिथून मागच्या मार्चला स्टॅबिलायझर घेतला होता.
तोच शिक्का, तसाच तिरका.
विषय : प्राथमिक आरोग्य केंद्र, टाकळी खारी
येथे स्वयंचलित झाडू-पोछा यंत्र खरेदी करणेबाबत.

ओरिव्हो. धूलिका. क्विस्पर.
मी पट्टी ठेवून रकाने आखतो.
शोषणशक्ती : सहा हजार, आठ हजार, साडेपाच.
कशाचे हजार, मला नीट कळत नाही,
मॅडमनाही नाही,
पण आठ हजार लिहिताना
शंकरपटात सुटलेली जोडी डोळ्यांसमोरून जाते.

ओरिव्हो भिंतींना फिरून नकाशा काढते.
(तलाठ्याच्या नकाशात हे केंद्र अजून पडीत आहे.)
धूलिका उंबरठा चढते, दोन सेंटीमीटरचा.
प्रसूतिकक्षाचा मी मोजला,
चार बोटं भरला.
क्विस्पर स्वतःचा पोछा स्वतः धुते,
गरम हवेत वाळवते.
किंमत रकान्यात मावेना,
शेवटचं शून्य रेघेवर चढलं.

'कोनतं घेता?'
अंजिराबाई गवारगुरे दारात.
बारा वर्षं रोजंदारी,
हजेरीबुकात दर महिन्याला नवीन.
'ठरलं नाही अजून.'
'मंग मले इचारा ना, सायेब.'

मी पुस्तिका तिच्याकडे सरकवली.
पानभर लाकडी जमीन, पांढरा सोफा,
यंत्रावर बसून हिंडणारं एक मांजर.
तिनं बोट मांजरावर ठेवलं, मग उचललं.
'इथं वकारी होते. रगत सांडते.
बाईचं पानी फुटते व्हरांड्यातच.
हे पुढं येते का
पाहून दुसरीकडं निंगून जाते?'

पान सात : सांडलेले द्रव टाळावेत.
पान आठ : दोरे, केस, तंतू आधी उचलावेत.
दिवाळीनंतर ओपीडीत वेचणीच्या बाया येतात
पदराला, कानाला, भुवयांना रुई.
श्रावणात काळी माती येते,
चपलेखाली चपलेएवढीच जाड,
पाणी लावलं की निघत नाही, पसरते.
कोणत्या रकान्यात लिहू?

'काम त झाडूचं नाई बाप्पा जड,' ती म्हणाली,
'पोछा पिळनं जड हाय.
पुसाच्या महिन्यात, फिनेलच्या पान्यात,
बोटं आपली हायेत का कोनाची ते समजत नाई.
हे तिसरं घ्या. जे स्वतःचं स्वतः पिळते.'

तिसरं सगळ्यात महाग.
नियम सगळ्यात स्वस्ताचा.
मी हे तिला सांगितलं नाही.
ते तिला माहीत असावं,
कारण ती पुस्तिका परत देताना हसली.

पान अकरा, तिन्ही पुस्तिकांत जवळपास सारखंच :
टाकीत क्षारविरहित पाणीच भरावे,
अन्यथा नळ्या बुजतील, हमी रद्द होईल.

आमच्याकडे फरशी पुसून वाळली
की तिच्यावर मीठ फुटतं,
पांढरे काठ, पांढरी बेटं.
बादलीला खपली धरते.
मॅडमकडच्या किडनीच्या रजिस्टरला
औंदा दुसरी वही जोडली.
गोड्या पाण्याचा कॅन येतो, वीस रुपयांचा, दिवसाआड,
गोळी गिळायला पेशंटला अर्धा ग्लास.

'म्हंजे हे कॅनचं पेईन?'
'हो.'
'अन् मी बोअरचं.'
यात तक्रार नव्हती.
कोण कुठे बसेल हे पंगतीआधी विचारून घ्यावं,
तसं विचारलं तिनं.

मी एक नवा रकाना आखला : पाणी.
ओरिव्हो, कॅन. धूलिका, कॅन. क्विस्पर, कॅन.
पट्टी सरकली, रेघ वाकडी गेली.
तेवढ्यात लाइट गेली,
पंखा दोन फेऱ्या उगाच फिरून थांबला.

'पाय वर घ्या, सायेब.'
मी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले,
तक्ता गुडघ्यांवर धरला
आणि टेबलाखाली तिचा पोछा फिरेपर्यंत,
मग फरशी वाळेपर्यंत,
मग मीठ दिसू लागेपर्यंत
तसाच बसलो.