हाताला भोक

बावीस वर्षं मी पिग्मी गोळा करतो.
गांधीबाग, तीन नल चौक, मग गोळीबार चौक.
सायकलची लुना झाली, लुनाची स्कूटी,
खांद्यावरचं मशीन तेवढं उतरलं नाही.

पैसे देणारा हात मी चेहऱ्याआधी ओळखतो.
कापडवाले शेठ नोट देताना दुसरीकडं पाहतात,
जणू मी त्यांचा दात काढतोय.
रियाज कूलरवाला एप्रिल-मेमध्ये
पाचशेच्या खाली बोलत नाही. "लिहा भाऊ, लिहा!"
जूनमध्ये खातं मोडतो, सराफ्यातून साखळी आणतो,
आणि संक्रांतीआधी तीच साखळी
त्याच सराफ्यात गहाण पडते.
चौदा वर्षं तिचं येणं-जाणं पाहतोय,
आता ती मला ओळखत असेल.

मी हसायचो त्याला.
डिक्कीत साठ जणांचे पैसे,
माझ्या नावाची ओळ त्यात नाही.

आमच्या घरी एक वाक्य होतं.
गिरणीचा भोंगा बंद झाला त्या साली
वडिलांनी ते घरी आणलं :
"आपल्या हाताले भोक आहे, बापू."
तक्रार म्हणून नाही,
रक्तगट सांगावा तसं.
आई भाजी निवडता निवडता तेच म्हणायची,
मोठा भाऊ लॉटरीचं तिकीट फाडून म्हणायचा,
आणि पहिला पगार खिशात घालण्याआधी
मीच म्हणालो.
वारशात शेत नाही, घर नाही,
एवढं एक वाक्य,
तेही तिघा भावांत न वाटता
प्रत्येकाला पूर्ण मिळालेलं.

इंदूबाई सोनकुसरेची पोह्यांची गाडी.
सहाला पहिली प्लेट जाते.
तिचे वीस रुपये गल्ल्यात पडत नाहीत,
बाजूच्या पत्र्याच्या डब्यात पडतात.
"हे तिसरं लेकरू हाये माह्यं.
दोघायले जेवू घालते, याले उपाशी ठेवू काय?"
मारबतीची गर्दी, पोलिसांनी उठवलेली गाडी,
नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन :
लेकरू कधी दहा रुपयांवर झोपलं,
पण न जेवता नाही.

मे महिना. सेहेचाळीस.
तर्री गॅसवर उकळतेय की उन्हावर, कळत नव्हतं.
ती म्हणाली, "भाऊ, तुमचं किती जमलं?"
मी ते वाक्य काढलं,
सुट्टे काढावेत तितक्या सहज.
तिनं फडक्याला हात पुसले.
"दाखवा."
मी हात पुढं केला, वेड्यासारखा.
तिनं तळव्यावर दोनाचं नाणं ठेवलं,
मग पाचाचं, मग दहाचं,
आणि वाकून गाडीखाली पाहिलं.
"खाली तं काई पडलं नाई ना बाप्पा!"
पोहे खाणारी दोन पोरं हसली.
सतराच्या सतरा रुपये तिनं मोजून परत घेतले.

सगळं मनाचंच असतं असं मी म्हणणार नाही.
भोंगा मनानं बंद पडला नव्हता.
ज्याच्या ताटातच नाही
त्याला शिल्लक ठेव म्हणणं हा माज आहे.
पण मला मिळत होतं.
थोडं, पण दर महिन्याला, मिळत होतं.
आणि मी बोटं फाकवून उभा होतो,
वडिलांचा शब्द खोटा पडू नये म्हणून.

त्या संध्याकाळी मशीनमध्ये एकसष्टावं नाव घातलं :
गुणवंत धकाते. वीस रुपये.
पावती कुरकुरत बाहेर आली.
कुणाला द्यायची कळेना,
मग मीच मला दिली.

मध्ये दोनदा मोडलं खातं.
एकदा पोरीच्या फीसाठी,
एकदा कारणच नव्हतं.
वाक्य अजून येतं, रात्री,
कूलरचं पाणी संपून
नुसता पत्रा खडखडतो त्या वेळेला.
मी म्हणतो, ये, बस.
आणि वीस काढ.