सतरा नंबरचे नातेवाईक

परीक्षा मिरजेत, सकाळी आठला.
आमच्याकडची पहिली एसटी पोचते साडेनवाला.
हे गणित आम्ही तिघींनीच सोडवलं :
आदल्या दिवशी निघायचं.
उत्तर बरोबर होतं.
फक्त मधे एक रात्र येते,
तो हातचा धरायला विसरलो.

रेहाना मुलाणी, महानंदा बिराजदार आणि मी.
तिघींत एक फोन, अकराशे रुपये,
स्टँडवर घेतलेली भडंगाची पिशवी.
वयांची बेरीज पन्नास,
तरी आम्हाला कुणी मोठं धरेना.

पहिल्या लॉजवर विचारलं, "मोठं कोण आहे सोबत?"
रेहाना माझ्याहून पाच महिन्यांनी मोठी,
ती एक पाऊल पुढे झाली.
"तसं नव्हे, बाळ."

दुसऱ्यानं आधार कार्डं मागितली,
जन्मसाल बोटांवर मोजलं,
आणि शेवटच्या बोटाआधीच थांबला.
"वडलांना फोन लावा."
लावला.
अप्पा बागेत, विरळणीच्या कामावर.
फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली,
संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत.
आम्हीही तिथंच होतो.

तिसऱ्यानं काहीच मागितलं नाही.
खोली आहे म्हणाला,
आणि किल्ली पुढे करता करता
जरा जास्तच वेळ बघत राहिला.
जिना उतरताना महानंदाच्या हातात
तिची एक चप्पल होती.
पुढं स्टेशनच्या चौकापर्यंत ती तशीच चालली.

तेव्हा रेहाना म्हणाली,
या गावात रात्री जागं काय असतं?
दवाखाना.
तिथं तर पायरीपायरीवर माणसं झोपलेली.
उगारची, अथणीची, कवठ्याची,
चटईवर, पोत्यावर, नुसत्याच फरशीवर,
उशाला एक्स-रेचं मोठं पाकीट.
कुणी कुणाला वय विचारत नव्हतं.

वॉचमननं बॅटरी मारली.
"पेशंट कोण तुमचं?"
रेहानाच्या तोंडून निघालं, "सतरा नंबर."
का सतरा? डोक्यात रात्रभर
तोच आकडा फिरत होता.
"बरं. गेट दहाला बंद हुतंय, आत सरकून झोपा."

आम्ही सरकलो.
शेजारच्या बाईनं न विचारता
आपल्या गोधडीचं एक टोक आमच्याकडे लोटलं.
तिचा नवरा वर काचेच्या खोलीत होता.
भडंग तिला दिलं, तिनं मूठभर घेतलं,
हातातच धरून बसली.

तीनच्या सुमाराला दारातून हाक आली :
"सतरा नंबरचे नातेवाईक!"
कुणी उठेना.
"सतरा नंबर! कोण आहे का नाही?"
वॉचमनची बॅटरी आमच्यावर आली.

महानंदा उठली.
आम्ही तिचा दुपट्टा धरला, तो हातातच राहिला.
नंतर तिनं सांगितलं ते एवढंच :
म्हातारा होता, पलीकडच्या मुलखातला,
मराठी कळेना, सिस्टरला त्याचं कळेना.
सगळा वॉर्ड जागवून तो एकच शब्द म्हणत होता,
"नीर, नीर."
महानंदाच्या घरी आजी हेच मागते.
तिनं चमच्यानं पाणी पाजलं,
"एन बेकु, अज्जा?" विचारलं,
तर तो म्हणाला, आता काही नको.
सिस्टरनं वही पुढे केली.
नाव. सही. रुग्णाशी नाते.
"मग काय लिहिलंस?"
ती म्हणाली, झोपू दे गं.

गणिताच्या पेपरात तिला डुलकी लागली.
तरी ती पास झाली, मी नाही.

मागच्या महिन्यात मला अठरा लागून गेलं.
कामासाठी मिरजेत एकटीच उतरले,
त्याच दुसऱ्या लॉजवर गेले.
त्यानं कार्ड बघितलं, हसला,
रजिस्टर सरकवलं, पेन दिलं.
सगळे रकाने भरले.
किल्लीला प्लास्टिकचा लाल बिल्ला होता.
खोली एकशे सात.

मी विचारलं,
सतरा नंबरची नाही का हो?
तो म्हणाला,
आमच्यात एवढ्या खाली नंबर सुरूच होत नाहीत.