चौथी खिडकी

तिजोरीचं दार निघालं नाही.
सात टन लोखंड. मंबी म्हणाला, क्रेन लावली तर
फरशी जाईल, फरशीखालचं तळघर जाईल,
आणि तळघराखाली काय आहे
हे ग्रिम्सबीत कुणालाच ठाऊक नाही.
समुद्र असेल.
मग दार तसंच उघडं ठेवलं,
बिजागरीला वेल्डिंगचा डाग देऊन.
आत आता मुलं फोटो धुतात.
लाल दिवा, दोरी, दोरीवर ओले चेहरे.

माझं काम लाकडाचं.
पंचेचाळीस फूट काउंटर, महोगनी,
कापायचं, आणि त्याची बाकं करायची,
ज्यांवर घोड्यावर बसल्यासारखं बसून
चित्रं काढतात, ती.
पॉलिश खरवडलं तर तांबडी धूळ उडाली,
दोन दिवस चहालाही तोच वास.

फळीमागे जे सापडलं ते बरणीत ठेवलं:
केसांच्या अकरा पिना,
एक शिलिंग, राजाचं नाक झिजलेलं,
नोटा मोजायची अंगठ्याची रबरी टोपी,
आणि पैसे भरायची एक चिठ्ठी.
आकड्याच्या जागी पेन्सिलीनं काढलेला मासा.
रांगेत ताटकळलेल्या कुणाचा तरी.
हा इथला पहिला विद्यार्थी, मंबी हसला.

मी नाही हसलो.
माझा बाप दर शुक्रवारी त्याच रांगेत असायचा,
ट्रॉलरवरून उतरून, आंघोळ करून,
तरी हातांना कॉडचा वास.
चर्चमध्ये मोठ्यानं खोकणारा माणूस,
इथे खोकला गिळायचा.
एकदा कर्ज मागायला आतल्या खोलीत गेला.
चार मिनिटं. मी घड्याळाखाली उभा होतो.
बाहेर आला तेव्हा टोपी
उलटी घातलेली होती, आणि आईनंही
ती सरळ केली नाही.

त्या खोलीत आता पियानो आहे.

चौथ्या खिडकीपाशी लाकडात एक खळगा होता.
कोपराचा. डाव्या.
कुणी इतकी वर्षं एकाच जागी टेकलं
तर लाकूडही जागा देतं.
तेवढ्यावर मी रंधा चालवला नाही.
तो तुकडा मॉडेलच्या खुर्चीचा हात झाला.
कुणाला सांगितलं नाही,
सांगण्यासारखं काही नव्हतं.

ऑक्टोबरात भिंतीवरची जाहिरात वाचून
डोरीन ऑस्गर्बी आली. वय एक्याऐंशी.
एकतीस वर्षं चौथ्या खिडकीत.
कपडे काढायचे का, तिनं विचारलं,
बचत खातं की चालू, असं विचारावं तसं.
नको, शिक्षिका घाईनं म्हणाली.
तरी तिनं कार्डिगन काढलं,
बाह्या आत दुमडून घडी केली,
आणि बसली.
कोपर आपोआप गेलं तिथं.
ती क्षणभर थांबली.
माझ्याकडे बघितलं नाही. मी खिळे वेचत होतो.

वीस मिनिटं हललीच नाही.
कसं जमतं, इफिओमा नावाच्या मुलीनं विचारलं.
मोजते, ती म्हणाली. पाचाच्या नोटा.
विश्रांतीपर्यंत सहा हजार होतात.

मग चहाचा कप घेऊन ती बाकांमधून फिरली,
स्वतःला बघत, गर्दीत हरवलेलं कुणी शोधावं तसं.
कुणी मान काढली होती, कुणी गुडघे.
लोक माझ्याकडे बघायचे, म्हणाली,
म्हणजे माझ्या हातांकडे.
म्हणजे हातातल्याकडे.
इफिओमानं नुसते हातच काढले होते.
डोरीननं चष्मा लावला, ओठ हलवले.
एक बोट जास्त आहे.

पोरगी खोडरबर शोधू लागली.
राहू दे, डोरीन म्हणाली.
पूर्वी एक जास्त निघालं
तर रात्री नवापर्यंत कुणी घरी जायचं नाही.

तिला दारापर्यंत सोडलं. पायऱ्यांवर वारा होता,
गोदीकडचा. बाराच्या दरानं दोन तासांचे
चोवीस पौंड तिनं दोनदा मोजले.

आत येऊन दिवे मालवले. सवयीनं
तिजोरी लावायला गेलो.
आत लाल उजेड होता, कुणीतरी पाण्यात
कागद हलवत होतं, हळू.
अजून दहा मिनिटं, आतून आवाज आला.
घे, म्हटलं.
दार तसंही लागत नाही.