ऐनवेळचे विषय

बैठक दहाची, सुरू झाली अकरा-वीसला.
पंचवटीतल्या शाळेचा हॉल, फळ्यावर कालचा लसावि तसाच,
आणि बाकं चौथीच्या मुलांची,
त्यामुळे राज्याच्या आरोग्याचा विचार
सगळ्यांनी गुडघे पोटाशी घेऊन केला.

इतिवृत्त माझ्याकडे.
बोरस्ते सर म्हणाले, मुद्दे तेवढे उतरवा कुंदाताई,
हुंदके नकोत.

सातपूरचे दोंदे उठले.
कंपनीच्या दवाखान्यात गोळी एकच,
डोकं दुखो की कंबर, तीच पांढरी.
मी लिहिलं : औषधसाठ्यात विविधता असावी.

मालेगावचे इक्राम मोमीन
बोलण्याआधी बराच वेळ खोकले,
मग म्हणाले, हेच सांगायला आलो होतो.
हॉल हसला. ते हसले नाहीत.
शेडमधले माग थांबतात हो, म्हणाले,
छातीतला चालूच असतो.
मी लिहिलं : यंत्रमाग कामगारांची वर्षातून दोनदा तपासणी.

फवारणी करणाऱ्यांना मास्क कुणी द्यायचे
यावर अकरा मिनिटं गेली.
सरकारनं, असं पिंपळगावचे गडाख म्हणत होते,
आणि बाग त्यांचीच होती.

चहा आला.
बिनसाखरेचे कप आधी संपले.

चहानंतर शब्द मोठे होत गेले.
निधी, निर्देशांक, सक्षमीकरण.
एका मुलानं भिंतीवर आलेख दाखवला,
खिडकीतून आलेल्या उन्हानं
त्याची चढती बाजू पुसून टाकली होती,
तो तरीही काठी फिरवत राहिला त्या उजेडावर.
मग मतदान. हात वर करा म्हटल्यावर
साठ-साठ वर्षांची माणसं
उत्तर येत असल्यासारखी हात वर करून बसली.
दहा ठराव. सर्वानुमते.

शेवटी मी वहीतलं नेहमीचं वाक्य वाचलं :
अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
हे वाचेपर्यंत लोक चपला शोधू लागतात.

मागच्या बाकावरून एक बाई उठली.
जिजा भोये, सुरगाण्याच्या पलीकडून आलेली,
यादीत नाव पेन्सिलीनं.
म्हणाली, चावी कोनापाशी रहते?

कसली चावी?

उपकेंद्राची. रात्रची.
सुनेला झोळीतून आणली, ओट्यावर ठेवली.
दाराला कुलूप.
कुलूप नवं होतं, चांगलं होतं.

कुणी काही बोललं नाही.
मी पाहिलं, चार-पाच जणांचे हात
नकळत आपापल्या खिशाकडे गेले.
डॉक्टर टिळे चष्मा पुसत राहिल्या,
आधीच पुसलेला.
सुनेचं पुढं काय झालं हे कुणी विचारलं नाही,
जिजाबाईंनीही सांगितलं नाही.
एवढंच म्हणाल्या, ओट्याला तीन पायऱ्या आहेत.

आणि मग, दुपारी पावणेचारला,
त्या दिवसाची बैठक सुरू झाली.
गडाख म्हणाले, दुसरी चावी समोरच्या घरात ठेवा.
समोर घर नाही, जिजाबाई म्हणाल्या, नाला आहे.
इक्रामभाई म्हणाले, आशाताईंकडे.
आशाताई बाहेरगावी गेल्या तर?
सिस्टर एकटी असते तिथं, टिळे म्हणाल्या,
दार आतून लावून घेते ती, तिलाही भीती आहे,
हेही लिहा.
बोरस्ते सर घड्याळ बघायचे थांबले.
दोंदे म्हणाले, मी टूलरूमला आहे,
चाव्या मी कापून देतो, किती हव्यात सांगा.

किती हव्यात
हे कुणालाच माहीत नव्हतं.
आलेखवाल्या मुलानं कॉम्प्युटर पुन्हा उघडला,
खाली मान घालून शोधत राहिला.

ठराव अकरावा : रात्रीची चावी.
सर म्हणाले, भाषा जरा कार्यालयीन करा.
मी दोनदा खोडलं,
दोन्ही वेळा तेच लिहिलं गेलं.

हजेरीच्या कागदावर एक रकाना मोकळा आहे.
सह्या व्हायच्या आत जिजाबाई निघाल्या होत्या,
पाचची गाडी चुकली असती तर
मुक्काम पडला असता स्टँडवर.
नाव अजून पेन्सिलीतच आहे.
वही माझ्या घरी आहे,
शाईचं पेनही.