आभारप्रदर्शन, दोन मिनिटं

सेक्रेटरी म्हणाले, सिस्टर, आभार तुम्ही माना,
दोनच मिनिटं, चहा उकळतोय.
म्हणून उभी आहे.
मागच्या बाकांवरून लोक उठायला लागलेत, मला दिसतंय.

मांडववाल्यांचे आभार.
हंगामाच्या सणाला वेदीपुढं
उसाची मोळी, हळदीचं पोतं ठेवणाऱ्यांचे,
द्राक्षं देणाऱ्यांचे, ती खाणाऱ्या पोरांचेही.
एवढं कागदावर होतं.
आता कागद खाली ठेवते.

डावीकडं, खांबाआड, पंख्याचा वारा पोचत नाही
तिथं तिघं बसतात.
आपल्या मंडळीच्या एकाही फोटोत ते नाहीत.
खांब आहे.

शांतवन रणभिसे, पेटी.
मिरज जंक्शनला पार्सल ऑफिसात होते,
दुसऱ्यांची ओझी नीट पोचवायची सवय तिथलीच.
काळी एक ठरलेली असते,
आपण उत्साहात काळी दोन धरतो,
मान वर करून बघतो तर
ते आधीच तिथं येऊन बसलेले.

ओबेद, तबला.
कुपवाडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून थेट.
प्रवचनात झोपतो, पाळकसाहेबांना माहीत आहे.
‘उभे राहू या’ म्हटलं की
डोळ्यांआधी त्याचे हात जागे होतात.

केझिया, व्हायोलिन, अकरावी सायन्स.
हनुवटीखाली काळा डाग पडलाय.
कॉलेजात विचारतात, कसला गं,
ही ओढणी वर घेते.

चौथे आपल्या मंडळीतले नाहीत.
तंतुवाद्यांच्या गल्लीतले मुनीरचाचा.
उत्तम शुक्रवारच्या आधी येतात,
पेटीचं पोट उघडतात, एकेक सूर
घासून, फुंकून, कानाशी धरून परत ठेवतात.
पैशाचं काढलं की, ‘पुढच्या खेपेला.’
अठरा वर्षं झाली,
पुढची खेप काही येत नाही.

आता जरा माझं.

चाळीस वर्षं मिशन दवाखान्यात काढली.
आमच्याकडं साथ म्हणजे कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो.
साथ आली की खाटा व्हरांड्यात,
सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना.
साथ गेली की म्हणायचं, सुटलो.
याच शब्दाचा दुसरा अर्थ
मला रिटायर झाल्यावर कळला,
यांना ठेवलं होतं त्या दिवशी, इथंच, या पायरीखाली.

दोन पेट्या होत्या त्या दिवशी.
एक बंद, एक उघडी.

यांच्या आवडीचं गीत मी म्हणते म्हटलं.
पहिलं कडवं निभावलं.
दुसऱ्याला गळा बसला, सूर घसरला,
अर्धा, मग पुरता,
मग मी कुठं आहे ते मलाच कळेना.

आणि पेटी खाली आली.
जिन्यातला दिवा गेल्यावर
वरचं माणूस दोन पायऱ्या उतरून
न बोलता हात पुढं करतं, तशी.
ओबेदनं डग्ग्यावर नुसता तळवा ठेवला.
वाजवला नाही.

लोक नंतर म्हणाले, सिस्टर, काय सुरात म्हणालात!
मी सुरात नव्हते.
सूर उठून माझ्याकडं आला होता.

नाडी आम्ही अशीच धरायचो,
रोग्याला वाटावं, नुसता हात हातात घेतलाय.

आणखी एक. हे बोलावं की नाही, माहीत नाही.
रणभिसेभाऊंची उजवी करंगळी हल्ली उचलत नाही.
वरचा सा गाळला जातो.
नेमक्या त्या जागी
केझियाचा गज जरा दाबून फिरतो.
भाऊंना वाटतं, कुणाच्या लक्षात येत नाही.
केझियालाही तसंच वाटतं.

झाली दोन मिनिटं? चार झाली असतील.
तो पंखा कुणीतरी खांबाकडं वळवा.
मुनीरचाचा फाटकाशीच उभे आहेत, त्यांना आत घ्या.
आणि चहाची किटली,
आज आधी डावीकडं.