भावासाठी

लिएज शहरात, म्यूज नदीचा वास येईल इतक्या अंतरावर
माझं दुकान. खाली तळघर, वर काउंटर,
मध्ये सतरा पायऱ्या आणि माझे गुडघे.
ऑक्टोबर सरता सरता शॅम्पेन प्रांतातून पत्र येतं:
कळवण्यास खेद होतो की.
त्या ‘की’नंतर एक आकडा असतो.
मी जुनं लेबल नखाने खरवडतो.
त्याखाली त्याआधीचं निघतं, त्याखाली आणखी आधीचं,
गोंदाने चिकटवलेली वर्षं.
हौसेला मोल नसतं, बाबा म्हणायचे,
आणि मोल लिहायचे पाटीवर, खडूने,
पुसता येईल असं.

ओडिल येते नऊ नोव्हेंबरला.
पूर्वी पियानो सुरात लावायची. आता ऐकू कमी येतं,
तरी बाटलीवर नख वाजवून बघते,
आत कुणी बेसूर असल्यासारखं.
दरवर्षी एकच बाटली, एकाच घराण्याची,
भाव न विचारता, भावासाठी.
ऑन्सेल्म पोलादाच्या भट्टीवर होता.
भट्टी विझली, त्याच्या छातीत काहीतरी धुमसत राहिलं.
नाताळपर्यंत, डॉक्टर म्हणाले होते.
त्या नाताळाला बारा वर्षं झाली,
आणि बहीण-भाऊ दरवर्षी
मरणाला झालेला उशीर साजरा करतात.

तिच्या वहीत ओळीने:
अडतीस. एक्केचाळीस. बावन्न. सदुसष्ट.
गेल्या साली चौऱ्याण्णव.
यंदा मी लिहिलंय एकशे अठरा.
तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.
आकडा तोच होता.

“आत काय वाढलं एवढं?”
मी सांगितलं: काच, बूच, वीज,
कोवळी पालवी जाळून गेलेलं दंव.
हे नाही सांगितलं, की दूर कुठल्या नौकेवर
कुणी किंमत न विचारता दहा पेट्या मागवतं
आणि अकरावी पेटी ओडिलला महाग पडते.

“बसमध्ये ठरवून आले होते. शंभर.
वर एक सेंट नाही.”
शंभरच का?
तिलाही नीट सांगता येईना.
“त्यात दोन शून्यं असतात,” म्हणाली,
“वरून पाहिलेल्या दोन ग्लासांसारखी.”

मी अर्धी बाटली काढली. चौसष्ट.
तिने मनात दुप्पट केली.
“म्हणजे अर्धं उरायचेही जास्त पैसे पडतात.”
मग चौतीसवाली दाखवली, छोट्या मळ्याची, खरी,
मी स्वतः घरी पितो ती.
“तुमच्या घरी,” तिने विचारलं,
“मरता मरता कोण राहिलंय?”
मी बाटली जागेवर ठेवली.

बराच वेळ गेला. फ्रिज गुरगुरत होता.
मग खालच्या आवाजात: “घरी एक आहे.
गेल्या वर्षीची. तो इस्पितळात होता त्या दिवशी.
नंतर उघडावंसं वाटलं नाही, सण शिळा झाला होता.
आज उघडली, तर आम्ही चौऱ्याण्णव प्यायलो
की एकशे अठरा?”

हिशोबात मी कच्चा नाही.
एकशे अठरा, मी म्हणालो. आणि धंदा जिभेवर असतो म्हणून
पुढचंही बोलून गेलो:
विकणार असाल तर मी शंभरला परत घेईन.
ती हसली नाही.
“म्हणजे माझा आकडा
तुम्हाला परवडतो.”

दाराशी जाऊन ती परत फिरली.
उघडलेल्या बाटलीचे बुडबुडे टिकवणारं झाकण आहे का?
होतं. सहा युरो, स्टीलचं.
“हल्ली एका दिवसात त्याच्याच्याने अर्धीच होते.
उरलेली दहा तारखेला.”
मोजून दिले तिने, सुटे,
शेवटचं नाणं दोनदा चाचपून.

ती गेल्यावर मी बाटली सरळ करायला गेलो.
लेबलाचा गोंद अजून ओला होता.
एकशे अठरा
माझ्या अंगठ्याला चिकटून आला.