रायझर

कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी विचारलं,
मंदीतून सावरायचं धोरण ठरवतोय,
तुमच्या काही सूचना?
मी शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं टाइमकीपर.
सूचना कधी केल्या नाहीत, नोंदी केल्या.
म्हणून पिशवीतनं तीन हजेरीपुस्तकं काढली
आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली.
जळक्या वाळूचा वास आला असणार,
त्यांनी खुर्ची जरा मागं घेतली.

हे पहिलं, आठ-नऊ सालचं.
दिवाळीपर्यंत पानं गच्च.
मग पुण्याहून एक फोन,
आणि पुढच्या सोमवारपासून लाल रेघा.
ही रेघ दस्तगीर मुल्लाणीची.
रसाचा रंग बघून तो किती अंश ते सांगायचा,
मीटर मागनं होकार द्यायचा.
भूपालशेठनी त्याचा हिशेब केला,
वर पाचशे दिले, रडलेसुद्धा.
भट्टी बंद केली. वीज वाचली.
गार होताना आतलं अस्तर तडकतं, साहेब,
बारीक आवाज येतो,
पापड मोडल्यागत.

दहा महिन्यांनी ऑर्डरी परत आल्या,
दस्तगीर आला नाही.
गांधीनगरात कापडाचे गठ्ठे उचलत होता.
म्हणाला, लगा, त्यो रंगच आठवंना आता.
त्या साली शंभरातले अडतीस नग फुटके.
वाचलेल्या विजेचं बिल
आम्ही असं भरलं.

दुसरं, एकोणीसचं.
शेठचा मुलगा म्हणाला, काढायचं कुणालाच नाही,
आठवड्याला तीन दिवस, पगार निम्मा.
लोक कुरकुरले. मीही.
रिकाम्या दिवशी सुतारांनी जुने पॅटर्न घासले,
यल्लाप्पानं नव्या पोरांना लॅडल धरायला शिकवलं,
आत नुसतं पाणी भरून.
भट्टी मंद का होईना, पेटती राहिली,
आणि बिल बघून शेठ
मुलाशी आठ दिवस बोलले नाहीत.

म्हणजे हा प्रयोग यशस्वी, साहेब म्हणाले,
आणि पेनाचं टोपण काढलं.

थांबा. तिसरं बघा.
मार्चच्या तेवीस तारखेपासून कोरं आहे.
त्यातनं धडा काढायचा
तर त्यात नसलेली नावं आधी वाचायला लागतील.
कोअर शॉपच्या आठ बायका
कंत्राटदाराच्या वहीत होत्या,
वही कंत्राटदाराबरोबर गेली.
मदत आली तेव्हा खिडकीवर कागद मागितले.
इंदुबाई कांबळेनं रेशनकार्ड दाखवलं,
मग काय दाखवावं ते न सुचून
भाजलेले तळहात.
हजेरीत नव्हत्या, म्हणून मंदीतही नव्हत्या.
हे लिहायचं काम माझं होतं.
पेन माझ्याच खिशाला होतं.

साहेबांनी घड्याळ बघितलं. थोडक्यात सांगा.

थोडक्यात असं, की लोखंड निवताना आक्रसतं.
बाहेरनं नग झकास दिसतो,
पोटात पोकळी पडते,
कळतं ते गाडी घाटात असताना.
म्हणून साच्यात नगाशेजारी एक जादा खळगा ठेवतात.
रायझर.
नग आक्रसायला लागला
की त्यातला गरम रस आत ओढून घेतो.
अट एकच,
रायझर सगळ्यांच्या शेवटी निवला पाहिजे.
नगाआधी निवला, तर तो असून काय उपयोग?
मागनं तो कापतात, परत भट्टीत टाकतात,
फुकट कुणाला काही गेलेलं नसतं.

आणि हा खळगा कधी करतात?
त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.
ओतायच्या आधी, म्हटलं.
रस सुटल्यावर वाळूत हात घालता येत नाही.

त्यांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.
चहा गार झाला होता, तो प्यालो.

घरी येऊन तिसऱ्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर
पेन्सिलीनं नावं घालायला बसलो.
आठातली सहा आठवली.
उरलेल्या दोघींची विचारायला
उद्या नागावला जायचंय,
इंदुबाई घरी असली तर.